संपर्काचे व्याकरण : महाड-पोलादपूर परिसरातील समाजमाध्यमीय राजकीय प्रचाराची चिकित्सा

प्रास्ताविक

समाजमाध्यमे आणि निवडणुका यांच्या परस्परसंबंधाविषयी मराठीत गेल्या दशकभरात पुष्कळ लिहिले गेले आहे. यातील बरेचसे लेखन राज्यशास्त्र व पत्रकारिता या अभ्यासशाखांच्या अंगाने झाले असून त्याचा भर प्रचारखर्च, अफवा, परदेशी कंपन्यांचे नियंत्रण आणि तरुण मतदार या मुद्द्यांवर राहिला आहे. हे मुद्दे महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. तथापि या माध्यमांतून दररोज जो मराठी मजकूर लिहिला जातो, त्याकडे मजकूर म्हणून पाहण्याचा प्रयत्न क्वचितच झालेला दिसतो. कवितेच्या चार ओळींसाठी चाळीस पृष्ठे खर्ची घालणारा आपला समीक्षाव्यवहार, खेड्यापाड्यांत सकाळ-संध्याकाळ वाचल्या जाणाऱ्या या गद्याकडे ढुंकूनही पाहत नाही. प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात या गद्याची चिकित्सा करावयाची आहे.

हा परिसर निवडण्यामागे केवळ लेखकाच्या परिचयाचे कारण नाही. महाड विधानसभा मतदारसंघात महाड व पोलादपूर हे तालुके येतात आणि हा मतदारसंघ रायगड लोकसभा मतदारसंघाचा एक भाग आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्रीच्या खोऱ्यात वसलेल्या या मुलखाला समुद्र नाही आणि बंदर नाही. कोकण रेल्वेही महाड शहराला बगल देऊन वीरमार्गे जाते. येथील माणसाचा बाहेरच्या जगाशी संबंध आला तो महामार्गाने, पत्राने, मनीऑर्डरने आणि मुंबईच्या नोकरीने. दुसरे असे, की सार्वजनिक आवाहन म्हणजे काय, ते कसे करावे आणि त्यातून काय घडू शकते, याचे आधुनिक महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण याच भूमीवर १९२७ साली घडले. त्यामुळे आजच्या प्रचाराची तुलना करण्यासाठी परक्या सिद्धान्ताकडे धाव घेण्याची गरज येथे पडत नाही.

या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : राजकीय संपर्काच्या मजकुराचे मोल तो किती लोकांपर्यंत पोहोचला यावरून ठरत नसून, त्यात वाचणाऱ्याच्या प्रश्नाला जागा ठेवली आहे की नाही यावरून ठरते. या कसोटीवर आजचा प्रचारमजकूर बहुतांशी अनुत्तीर्ण होतो, आणि तो का होतो हे त्याच्या वाक्यरचनेतच दिसून येते.

भूमिपूजनाचे गद्य

निवडणुकीचा हंगाम असो वा नसो, या परिसरातील कोणत्याही पक्षाच्या कार्यकर्त्याचे फेसबुक खाते अथवा व्हॉट्सॲपवरील गट उघडला असता एका ठरावीक साच्याचा मजकूर हमखास आढळतो. अमुक वाडीतील अंतर्गत रस्त्याच्या काँक्रिटीकरणाचे भूमिपूजन सन्माननीय अमुक यांच्या शुभहस्ते संपन्न झाले; याप्रसंगी तमुक पदाधिकारी, तमुक विभागप्रमुख, आजी-माजी सरपंच, मान्यवर व ग्रामस्थ मोठ्या संख्येने उपस्थित होते. सोबत पाच-सहा छायाचित्रे असतात : नारळ, कुदळ, हार, शाल आणि ओळीने उभे असलेले लोक.

या साच्याची रचना लक्षपूर्वक पाहावी. पहिली गोष्ट, वाक्याचा कर्ता. भूमिपूजन ‘संपन्न झाले’. ते कोणी मागितले, किती वर्षे मागितले, कोणत्या ग्रामसभेच्या ठरावाने मागितले, याचा उल्लेख नसतो. रस्ता नेत्याच्या हस्ते जन्म घेतो. त्यापूर्वी त्याला इतिहास नसतो. दुसरी गोष्ट, नामावली. मजकुराचा निम्म्याहून अधिक भाग नावांनी व्यापलेला असतो आणि त्या नावांचा क्रम अत्यंत काटेकोरपणे पाळला जातो. क्रम चुकला तर दुसऱ्या दिवशी काय घडते, हे ज्याने कधी गावातील कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका छापून घेतली आहे त्यास सांगावयास नको. या नामावलीच्या अखेरीस ‘ग्रामस्थ’ येतात. त्यांना नाव नसते, केवळ संख्या असते. आणि तीही आकड्यात नव्हे, ‘मोठ्या संख्येने’ अशी. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे अनुपस्थित तपशील. कामाची अंदाजित रक्कम, ठेकेदाराचे नाव, काम सुरू होण्याची व संपण्याची तारीख हा तपशील कामाच्या जागेवरील फलकावर असावा अशी अपेक्षा असते. पोस्टमध्ये निधीचा आकडा आलाच तर तो ‘कोट्यवधी’ या विशेषणाच्या रूपाने येतो. रस्ता खचला तर विचारावे कोणास आणि केव्हा, हे या मजकुरावरून कळू शकत नाही.

हे गद्य समाजमाध्यमांनी जन्माला घातले, असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. त्याची वंशावळ जुनी आहे. सत्यनारायणाच्या पूजेची पत्रिका, वर्तमानपत्राच्या तालुका पानावरील बातमी, चौकातील फ्लेक्स आणि आता भ्रमणध्वनीचा पडदा असा त्याचा प्रवास आहे. तालुका पानावरील बातमी निदान वार्ताहराच्या व उपसंपादकाच्या हाताखालून जात असे. जागेच्या अभावी का होईना, नावे गाळली जात. फ्लेक्सला पैसे पडत आणि पाऊस आला की तो फाटे. समाजमाध्यमाने हे दोन्ही अडसर दूर केले. नामावलीला आता अंत नाही आणि खर्चही नाही. साचा जुनाच राहिला. त्याला आवर घालणारे काही उरले नाही, एवढाच फरक.

छायाचित्राच्या बाबतीतही एक स्थानिक संदर्भ नोंदविण्यासारखा आहे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत रायगडमध्ये अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांचा २,११० मतांनी पराभव केला. त्याच निवडणुकीत सुनील तटकरे याच नावाच्या दुसऱ्या एका अपक्ष उमेदवारास ९,८४९ मते मिळाली होती. मतदानयंत्रावर उमेदवाराचे छायाचित्र छापण्याची पद्धत २०१५ नंतर सुरू झाली. नाव फसवू शकते, चेहरा फसवीत नाही, हा धडा या जिल्ह्यातील राजकीय कार्यकर्त्यांस कोणी वेगळा शिकविण्याची आवश्यकता नव्हती. त्यामुळे चेहऱ्याचा हव्यास केवळ आत्मप्रौढीतून येतो, असा सरसकट निष्कर्ष काढू नये. परंतु हा हव्यास कोठवर जातो हे पाहावयाचे असल्यास २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवशी प्रसारित होणारे अभिवादनाचे संदेश पाहावेत. चवदार तळ्याच्या सत्याग्रहास विनम्र अभिवादन करणाऱ्याचे छायाचित्र अनेकदा ज्यांना अभिवादन करावयाचे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या छायाचित्राहून मोठे असते. ६ जूनला, रायगडावरील राज्याभिषेकदिनीही, हीच तऱ्हा.

मुंबईत बसलेला वाचक

हा मजकूर लिहिला जातो तो कोणासाठी? वाडीतील रस्ता झाला की नाही हे वाडीतील माणसास पोस्ट वाचून कळावयाचे नसते. तो त्यावरून चालतच असतो. या प्रश्नाचे उत्तर शोधताना पोलादपूर तालुक्याचे सामाजिक वास्तव ध्यानात घ्यावे लागते. घरटी एक तरी माणूस मुंबईस असावा, ही या भागाची अनेक पिढ्यांची रीत आहे. गिरणगावातील खोल्या, गावकीची मुंबईतील मंडळे, त्यांच्या मासिक बैठका, वर्गणीच्या पावत्या, गणपतीला व शिमग्याला गावी जाणाऱ्या गाड्यांची व्यवस्था ही सारी यंत्रणा गिरण्यांच्या काळापासून उभी होती. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. माणसे लालबाग-परळ सोडून उपनगरांत, पुढे वसई-विरार, बदलापूरकडे पांगली. मंडळे मात्र टिकली. स्मार्टफोन स्वस्त झाले आणि २०१६ नंतर इंटरनेटचे दर एकदम उतरले, तेव्हा या मंडळांनी आपापले व्हॉट्सॲप गट काढले. गावकी जशीच्या तशी फोनवर आली.

राजकीय प्रचाराला ही एक आयती वाट सापडली. गावात असलेल्या वृद्ध आईवडिलांचे मत पुष्कळदा मुंबईतील मुलाच्या शब्दावर ठरते, आणि त्या मुलाचे स्वतःचे मतही अनेकदा गावाच्या यादीत असते. मतदानाच्या आदल्या रात्री मुंबईहून सुटणाऱ्या गाड्या हा कोकणातील निवडणुकीचा जुनाच भाग आहे. तेव्हा भूमिपूजनाच्या पोस्टचा खरा वाचक विरारच्या लोकलमध्ये उभा असतो. गावी रस्ता झाला, देवळाला पत्रे आले, शाळेला संगणक मिळाला, एवढे त्याला कळले की त्याच्या मनातील गावाविषयीची एक हुरहुर शमते. तो रस्त्याची जाडी तपासू शकत नाही. तो हात जोडल्याचे चिन्ह पाठवितो.

याहूनही परिणामकारक असतात ते सांत्वनाचे संदेश. कोकणातील राजकारणात नेत्याची परीक्षा भाषणात होत नाही. ती दहाव्या-बाराव्याला, हळदीला, घरभरणीला होते. कोण आले आणि कोण आले नाही, हे लोक वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. ज्याची आई गावी वारली आणि ज्याला रजा संपल्यामुळे चौथ्या दिवशी मुंबईस परतावे लागले, त्याला आपल्या ओटीवर बसलेल्या नेत्याचे छायाचित्र गटावर दिसते, तेव्हा त्याच्यावर होणारा परिणाम कृत्रिम नसतो. येथे समीक्षकाने घाईने उपहास करू नये. नेता खरोखर आलेला असतो, आणि त्याच्या येण्याला अर्थही असतो. आक्षेप आहे तो पुढच्या पायरीला. भेट जेव्हा छायाचित्रासाठी घडू लागते, तेव्हा ओटीवर बसून जे दोन शब्द बोलले जात, पाण्याच्या योजनेविषयी, रखडलेल्या सातबाऱ्याविषयी, एसटीच्या बंद झालेल्या फेरीविषयी, त्यांना वेळ उरत नाही. जुन्या पद्धतीतील संपर्काची खरी शक्ती त्या दोन शब्दांत होती.

यात माध्यमाच्या तांत्रिक रचनेचाही वाटा आहे. २०१८ च्या मध्यास व्हॉट्सॲपने केवळ ॲडमिनलाच संदेश पाठविता येईल अशी सोय गटांना उपलब्ध करून दिली. २०२३ मध्ये आलेल्या चॅनेल या सुविधेत तर अनुयायाने फार तर एखादे चिन्ह उमटवावे, एवढीच मुभा सुरुवातीस होती. ज्या माध्यमाचा गौरव ‘दुतर्फा संवाद’ म्हणून झाला, त्याने स्वतःच एकतर्फी होण्याची साधने हाती दिली आणि राजकीय पक्षांनी ती आनंदाने स्वीकारली. निवडणूक जाहीर होताच गावकीच्या गटात ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत’ अशी सूचना येते आणि गटाला कुलूप लागते. भांडणे टाळण्यासाठी हे योग्यच. परंतु त्याच वेळी पक्षाचे गट अहोरात्र चालू असतात, आणि त्यांतही कुलपाची किल्ली एकाच हाती असते.

प्रश्नांची परंपरा : १८८८ आणि १९२७

महाड तालुक्यातील रावढळचे गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त झाल्यावर दापोलीस राहिले आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. अस्पृश्यतेला आधार काय, अशी पृच्छा करणारी ही पुस्तिका प्रश्नांच्या रूपात मांडलेली होती. एका निवृत्त सैनिकाने सनातनी पंडितांस जाहीरपणे प्रश्न विचारावेत आणि उत्तराची अपेक्षा करावी, ही गोष्ट आज वाटते तितकी साधी नव्हती. मराठीतील सार्वजनिक संपर्काच्या इतिहासात या रूपाची नोंद स्वतंत्रपणे व्हावयास हवी. हे पत्रक कोणाचे कौतुक करीत नाही. ते उत्तर मागते.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेविषयी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. १९ व २० मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या हाती कोणतेही वृत्तपत्र नव्हते. ‘मूकनायक’ १९२३ मध्येच बंद पडले होते आणि ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे परिषद होऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी. तेव्हा हजारो माणसे महाडास जमली ती छापील प्रचारामुळे नव्हे. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी जे काम केले, त्यामागे नाती होती, पेन्शनर सैनिकांचा गोतावळा होता, मुंबईतील चाळींचा गावाशी असलेला संबंध होता. आज ज्या मुंबई-गाव दुव्याचा प्रचारासाठी उपयोग होतो, त्याच दुव्याचा तो उपयोग होता. परंतु आवाहनाचे स्वरूप भिन्न होते. त्या आवाहनाला हजर राहून, चालून, जोखीम पत्करून उत्तर द्यावयाचे होते. सी. के. बोले यांच्या नव्हे, सी. के. याच आद्याक्षरांची चूक पुष्कळ ठिकाणी आढळते म्हणून येथे स्पष्ट नोंदवितो, सीताराम केशव बोले यांच्या ठरावाला १९२३ साली मुंबई विधिमंडळाची मान्यता मिळाली होती आणि महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांस खुले केल्याचा ठरावही केला होता. तीन वर्षे तो कागदावर राहिला. कागदावरील वाक्याचा कर्ता नगरपालिका होती. २० मार्चला लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या वाक्याचा कर्ता बदलला.

नंतर निघालेल्या ‘बहिष्कृत भारत’ने जे केले तेही पाहण्याजोगे आहे. घडलेल्या घटनेचा केवळ गौरव न करता त्याने तिचा युक्तिवाद उभा केला, विरोधकांच्या आक्षेपांना उत्तरे दिली. पाक्षिकाचे रकाने डॉ. आंबेडकरांनी बव्हंशी एकट्याने भरले आणि १९२९ मध्ये आर्थिक ओढग्रस्तीत ते बंद पडले. पोहोच या एकाच मापाने मोजल्यास ते आजच्या एखाद्या तालुका पातळीवरील चॅनेलपुढेही टिकणार नाही.

मात्र जुन्या काळाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्याच २० मार्चला, तळ्यावरून लोक परतल्यानंतर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार अशी आवई गावात उठविण्यात आली. मंदिरप्रवेशाचा कार्यक्रम परिषदेने ठरविलेला नव्हता. परंतु बातमी खरी की खोटी हे पाहण्यास कोणी थांबले नाही. मंडपात जेवणासाठी थांबलेल्या आणि परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे गोमूत्र-शेणाने तळ्याची ‘शुद्धी’ झाली आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ उजाडावे लागले. अफवेला भ्रमणध्वनी लागत नाही, हे महाडने १९२७ मध्येच पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले, तेव्हा व्हॉट्सॲपवरून फिरणाऱ्या संदेशांना दोष दिला गेला. तो योग्यच होता. संदेश पुढे पाठविण्यावर पाच चॅटची मर्यादा त्याच महिन्यात जाहीर झाली. तथापि यंत्राने अफवेचा वेग वाढविला, तिची प्रकृती नव्हे. अफवा हाही उत्तर न मागणारा मजकूर असतो. या एका बाबतीत भूमिपूजनाची पोस्ट आणि आवई यांचे नाते निकटचे आहे, असे म्हणणे काहीसे कठोर वाटेल. पण ते खरे आहे.

२०२१ : पाऊस आणि चित्रफीत

२२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड शहर सावित्री व गांधारीच्या पाण्याखाली गेले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे बंद पडले, रस्ते तुटले. एरवी प्रत्येक नारळ फुटल्याची वार्ता क्षणार्धात पोहोचविणारे जाळे त्या रात्री मुके होते. मदतपथके तळीयेपर्यंत पोहोचण्यास दुसरा दिवस उजाडला. मुंबईतील नातेवाईक गावकीच्या गटांवर एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहिले, आणि उत्तर देणारे कोणी जाळ्यात नव्हते. समाजमाध्यमांतील ‘थेट संपर्का’च्या दाव्याची मर्यादा यापेक्षा अधिक क्रूरपणे दाखविता येणार नाही.

जाळे पूर्ववत झाल्यावर मात्र याच गटांनी मोलाचे काम केले. कोणत्या वाडीत धान्य पोहोचले, कोठे ताडपत्री हवी, कोणत्या वाटेने टेम्पो जाईल, हे त्यांवरून कळत होते. या संदेशांची भाषा अभ्यासकाने जपून ठेवावी अशी होती. त्यांत विशेषणे नव्हती. गावाचे नाव, वस्तू, संख्या, फोन करण्याची वेळ, आणि शेवटी ‘पोहोचले का कळवा’. हीच मराठी लिहिणारी हीच माणसे दोन आठवड्यांनी मदतीच्या पिशवीवर छापलेल्या छायाचित्रासह ‘शुभहस्ते वाटप’ असे लिहू लागली. प्रसंग बदलला आणि भाषेने आपला जुना पोशाख चढविला.

आपत्तीस महिना होतो न होतो तोच २३ ऑगस्टला तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे जनआशीर्वाद यात्रेनिमित्त महाडमध्ये आले. पत्रकारांशी बोलताना तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्याविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांची चित्रफीत काही तासांत राज्यभर पसरली. ठिकठिकाणी गुन्हे नोंदविले गेले, दुसऱ्या दिवशी संगमेश्वर तालुक्यात त्यांना अटक झाली, त्यांना महाडला आणले गेले आणि त्याच रात्री महाडच्या न्यायालयाने जामीन दिला. या प्रकरणाच्या कायदेशीर व पक्षीय बाजूंशी प्रस्तुत लेखास कर्तव्य नाही. लक्षात घ्यावयाची बाब अशी, की यात्रा हा प्रत्यक्ष संपर्काचा प्रकार आहे. नेता लोकांत जातो, हे तिचे तत्त्व. त्या यात्रेतून शिल्लक राहिली ती काही सेकंदांची फीत, आणि तिच्यात महाड हे केवळ घटनास्थळ होते. दुकानांतील गाळ, विम्याचे दावे, सावित्रीच्या पात्रातील साठलेला भराव काढण्याची मागणी हे महाडकरांचे विषय त्या दोन दिवसांत कोणत्याही पक्षाच्या समाजमाध्यमीय लेखनाच्या अग्रभागी नव्हते. एका बाजूने चित्रफितीचा निषेध केला, दुसऱ्या बाजूने समर्थन; दोन्ही बाजूंनी ती पुढे पाठविली. समाजमाध्यमांवरील राजकीय भाषण सभेतील श्रोत्यास उद्देशून असल्याचा आभास निर्माण करते, परंतु त्याचा हिशोब सभेबाहेरच्या प्रेक्षकाशी असतो. महाडचा श्रोता यात निमित्तमात्र उरतो.

नियमनाची नजर

भारत निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये समाजमाध्यमांविषयी सूचना प्रसृत केल्या. उमेदवाराने आपली खाती प्रतिज्ञापत्रात नोंदवावीत, या माध्यमांवरील राजकीय जाहिराती पूर्वप्रमाणित करून घ्याव्यात, त्यांवरील खर्च निवडणूक खर्चात दाखवावा, असे त्यांचे स्वरूप आहे. २०१९ मध्ये कंपन्यांनी स्वेच्छेने एक आचारसंहिता स्वीकारली. मे २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या बनावट चित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढून टाकाव्यात, असे आयोगाने पक्षांना बजावले. हे सर्व आवश्यक आहे. पण नियमन पैसा पाहते, वेळ पाहते, खोटेपणा पाहते. भूमिपूजनाच्या पोस्टमध्ये बहुधा काहीही खोटे नसते, तिला खर्चही नसतो, आणि ती आचारसंहिता लागण्यापूर्वीच प्रसृत झालेली असते. शिवाय ती उमेदवाराच्या नव्हे, पुतण्याच्या किंवा शाखाप्रमुखाच्या खात्यावर असते. या गद्याची तपासणी कोणताही अधिकारी करू शकणार नाही. ती वाचकासच करावी लागेल, आणि वाचक घडविण्याचे काम कोणत्या विभागाकडे आहे हे महाविद्यालयीन अध्यापकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्या मराठीच्या अभ्यासक्रमात ‘उपयोजित मराठी’ या शीर्षकाखाली जाहिरात व बातमी लिहावयास शिकविली जाते. बातमीत काय गाळले आहे हे वाचावयास शिकविले जात नाही.

खड्ड्याचे छायाचित्र

याच माध्यमांत एक वेगळे लेखनही निर्माण झाले आहे आणि त्याचा विचार केल्यावाचून ही चिकित्सा एकांगी ठरेल. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी ते पूर्ण झाले नाही. प्रतिवर्षी गणपतीच्या आधी या महामार्गाची छायाचित्रे व चित्रफिती कोकणी माणसे स्वतः काढून प्रसृत करतात. या मजकुराचा साचा भूमिपूजनाच्या साच्याच्या नेमका उलट आहे. त्यात स्थळ असते, बहुधा नजीकच्या गावाच्या वा पुलाच्या नावासह. तारीख असते. नामावली नसते, काढणारा कोण हे पुष्कळदा कळतही नाही. आणि वाक्य प्रश्नार्थक असते : हे केव्हा होणार? मंत्र्यांना पाहणी दौरे काढावे लागले, मुदती जाहीर कराव्या लागल्या, त्या चुकल्यावर नव्या मुदती द्याव्या लागल्या, यामागे आंदोलने व न्यायालयीन याचिका यांच्याबरोबर या छायाचित्रांचाही हात आहे. पोलादपूर व खेड यांना जोडणाऱ्या कशेडी बोगद्याची एक मार्गिका सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवाच्या तोंडावर खुली झाली, तेव्हा तिच्याही चित्रफिती दोन्ही प्रकारच्या निघाल्या. एकीत फुलांचे तोरण व नेत्यांची गर्दी होती. नंतरच्या पावसाळ्यांत दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या. त्यांत बोगद्याच्या छतातून गळणारे पाणी होते आणि खाली एक ओळ, ठेकेदार कोण असे विचारणारी.

येथे एक शंका घेतली जाईल, की खड्ड्याचे छायाचित्र काढणारा शेवटी मतदान करतो ते जातीच्या, भावकीच्या वा सांत्वनाच्या भेटीच्या आधारेच. मग त्या प्रश्नाचे राजकीय मूल्य काय? शंका रास्त आहे. महामार्गाच्या प्रश्नावर या पट्ट्यातील निकाल उलटले, असे म्हणण्यास आधार नाही. प्रश्न विचारणारे लेखन आणि मत मागणारे लेखन या दोहोंचे गट वेगळे आहेत, त्यांचे ॲडमिन वेगळे आहेत, आणि वाचणारा माणूस मात्र दोन्ही गटांत तोच आहे. सकाळी तो महामार्गावरील पाण्याची चित्रफीत पुढे पाठवितो आणि दुपारी त्याच अंगठ्याने भूमिपूजनाच्या पोस्टला हात जोडतो. प्रश्नाच्या गटातील एखादे वाक्य अभिवादनाच्या गटात त्याने टाकले, तर काय होते? पोलादपूरच्या एखाद्या वाडीच्या गटात हे अधूनमधून घडते. कोणीतरी विचारतो, रस्त्याचे बिल निघाले का. काही वेळ गट शांत असतो. मग कोणीतरी सुप्रभातचे चित्र टाकतो, आणि कधी कधी, त्या चित्राखाली, मुंबईहून दुसरा कोणीतरी तोच प्रश्न पुन्हा विचारतो.